जोगिया, दुसऱ्यांदा

“पहिली हाक देणारे ते तुम्हीच ना?”

शालूताईंनी मला बाही धरून रंगमंचामागच्या सामानाच्या खोलीत ओढलं होतं. खोलीत लाकडी तलवारी, सिंहासनाची गादी आणि भिंतीला टेकवलेला एक राजवाड्याचा खांब. बाहेर खुर्च्या भरत होत्या, पहिली घंटा व्हायची होती, आणि माझ्या खिशावर स्वयंसेवकाचा बिल्ला होता.

“कसली हाक?”

“वन्स मोअरची. ताई नेहमी सांगते, इचलकरंजीत एक भरमू आहे. तो ओरडल्याशिवाय बाकीचे तोंड उघडत नाहीत.”

“त्यांना माझं नाव ठाऊक आहे?”

“ते सोडा. आज ओरडायचं नाही.”

नातवाला हे समजावून सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगतो. संगीत नाटकात पद आवडलं की लोक वन्स मोअर म्हणून ओरडायचे. मग नाटक जागच्या जागी थांबायचं. राजा रागावून निघालेला असो, नाही तर राणी विष प्यायला बसलेली असो, पद पुन्हा व्हायचं आणि मग कथा पुढं सरकायची. नातू म्हणतो, मग राणीचं विष थंड होत नसेल? होत असेल. आम्हाला त्याचं काही नव्हतं.

आमच्या गावात ही पहिली हाक माझी होती. कुणी नेमलेलं नव्हतं. मी यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेला माग चालू करणारा माणूस. शेडच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेल असा आवाज त्या कामात आपोआप होतो. अनसूयाबाई कोलवाळकर पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा तो आवाज माझ्या तोंडून निघाला आणि तो पायंडाच पडला.

अनूताई. सांगली, बेळगाव, गडहिंग्लज, जिथं त्यांचं नाटक असेल तिथं मी जायचो. लोक म्हणायचे, तेच नाटक पुन्हा काय बघतोस. नाटक कोण बघत होतं? अनूताई वन्स मोअरला तेच पद तसंच कधी गायच्या नाहीत. पहिल्या वेळी पद नाटकातल्या बाईचं असायचं, रडणं-रुसणं सगळं तिचं. दुसऱ्या वेळी नाटक बाजूला व्हायचं आणि त्या नुसत्या गायच्या. ते गाणं कुठल्या पुस्तकात नव्हतं, उद्या पुन्हा होणार नव्हतं. ते ओरडून मागून घ्यावं लागायचं.

आणि शालूताई, त्यांची धाकटी बहीण, सावलीसारख्या बरोबर फिरणाऱ्या, मला सांगत होत्या की मागू नका.

“मंगळवारी मिरजेला ऑपरेशन आहे,” त्या म्हणाल्या. “गळ्यात गाठ आहे. आवाजाची नस तिला चिकटलीय. घसा शांत ठेवला तर नस वाचवता येईल. सुजला तर ऑपरेशन पुढं जाणार, आणि पुढं गेलं तर आवाज गेलाच समजायचं.”

“मग आजचा प्रयोगच रद्द...”

“मी सांगितलं नसेल? म्हणाली, जाहीर झालेला प्रयोग आहे, तोंड लपवून कशी बसू. बरं, एकेकदा गायली तर निभावेल. पण तुमचं गाव एकदा गाऊन सोडतं का कुणाला?”

“मी नाही ओरडणार.”

“नुसतं तेवढं नाही. दुसरं कुणी ओरडता कामा नये. आणि तिला कळता कामा नये. कळलं तर हट्टानं तीनदा गाईल. शपथ घ्या.”

“कुणाची?”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. खोलीत देव नव्हता.

“तिच्या गळ्याची घ्या,” त्या म्हणाल्या.

मी घेतली.

*

पहिला अंक. बाजूच्या दारात उभं राहून बघितलेला.

पहिलं पद संपलं. टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्या आणि पुढच्या रांगांमधली डोकी दाराकडं वळली. मी माझ्या चपला बघितल्या. नाटक पुढं गेलं.

दुसरं पद. पुन्हा डोकी वळली. एकानं भुवया उडवून विचारलं, काय झालं? मी मान हलवली. नाटक पुढं गेलं.

तिसऱ्या पदाला गॅलरीतून एक किरटी हाक आली. गॅलरीतली पोरं माझ्यासाठी किती वेळ थांबणार? मग दहा-बारा हाका. अनूताईंचा चेहरा खुलला आणि त्या पुन्हा गायल्या, छान, मोकळ्या गायल्या, आणि आत गेल्यावर पदराचा बोळा तोंडाशी धरून खोकत राहिल्या. मला दारातून विंग दिसत होती. त्यांच्या मागं शालूताई. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी हातानं म्हटलं, मी नव्हतो.

त्यांनी नुसतं गळ्याला हात लावून दाखवलं. शपथ.

दुसऱ्या अंकाचं मला काहीही आठवत नाही. गॅलरीत जाऊन पोरांना दटावलं एवढंच. एकानं विचारलं, “भरमूमामा, तिकिटाचे पैसे परत देणार का?” दुसरा म्हणाला, “मामाचं आणि बाईंचं बिनसलं वाटतं.” सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

*

मध्यंतर, पडद्याच्या आत. चहा द्यायचं काम मी मागून घेतलं होतं.

“कोण, भरमू? ये. आज कुठं लपलायस?”

अनूताई आरशासमोर बसल्या होत्या, मुकुट काढून मांडीवर ठेवलेला. गळ्यात खोट्या मोत्यांचा रुंद पट्टा. गाठ त्याच्याखाली होती. मला ती दिसत नव्हती आणि मी तिथंच बघत होतो.

“दारातच आहे, ताई.”

“मग तुझा आवाज कुठंय?”

“बसलाय.”

“बघू.” त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडं वळवलं. “आ कर.”

मी आ केला. एवढा मोठा माणूस, मिशा असलेला.

“लाल तर काही दिसत नाही.” डबीतून ज्येष्ठमधाची काडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. “चावत राहा. तिसऱ्या अंकापर्यंत सुटेल. जोगियातल्या पदाला मला तू पाहिजेस.”

मी काडी तोंडात घातली. बोलायला लागू नये म्हणून जोरात चावली.

“खरं सांग. आज मी वाईट गातेय का?”

मी मान हलवली.

“मग गाव गप्प का?”

“उकडतंय, ताई. लोक दमलेत.”

“उकडतंय म्हणून गप्प बसणारं गाव नव्हे हे. मागं पत्र्यावर गारा पडत होत्या, माझं मलाच ऐकू येत नव्हतं, तेव्हाही ओरडला होतात.” त्या आरशात बघून हसल्या, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. “काही दिसलं का रे तुम्हाला? आवाजात?”

“नाही हो.”

“दिसलं तर सांगायचं. कीव नाही करायची.”

शालूताई आत आल्या आणि मला म्हणाल्या, “चहा दिलात ना? मग या.”

*

मध्यंतर, बाहेर. बाबगोंडा मगदूम, मी काम करायचो त्या शेडचे मालक, पहिल्या रांगेत मधोमध बसणारे. अख्खी हयात मागांच्या खडखडाटात गेल्यानं कान अर्धे गेलेले. आमच्या गावात अर्ध्या प्रेक्षकांचं तेच. हळू बोलणं कुणाला जमत नाही.

“अण्णा, जोगियाला वन्स मोअर द्यायचा नाही.”

“काय?”

“ओरडायचं नाही. जोगियाला.”

“न्हाई? आन हे तू सांगायलास?”

भजी खाणारे सगळे वळले.

“हळू बोला की.”

“हळूच बोलतोय.”

“मंडळींना परतीची गाडी गाठायची आहे. उशीर होतोय.”

“गाडी थांबवू. माझा मेव्हणा एष्टीत कंट्रोलर हाय.”

“अण्णा...”

“वरीसभर वाट बघायची आन जोगिया एकदाच ऐकून घरला जायचं? काय बारशाला आलोय व्हय?”

मग मी त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. गाठ, नस, मंगळवार. अण्णांच्या हातात अर्धं भजं होतं. ते त्यांनी कागदावर ठेवलं आणि बोटं धोतराला पुसली.

“वाचंल न्हवं?” हे मात्र त्यांनी खरंच हळू विचारलं.

“आज जपलं तर.”

“आन हे तू मला आत्ता सांगतोस?”

“कुणाकुणाला सांगू? हळू ऐकू येत नाही आणि मोठ्यानं सांगितलं तर बाईंना कळतं.”

अण्णा म्हणाले, “आपुन कामावर कवा तोंडानं बोलतो रे?”

मला हे सुचलं नव्हतं. शेडमध्ये कानाला लागून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी चालतं. बॉबिन संपली, धागा तुटला, मुकादम आला, चहा आला, प्रत्येकाला खूण आहे. गावातलं पोरही ती खूण ओळखतं.

तिसऱ्या घंटेला दिवे मालवायच्या आधी बाबगोंडा अण्णा पहिल्या रांगेत उठून उभे राहिले, पडद्याकडं पाठ करून. स्वतःच्या गळ्याला हात लावला. अंगठ्यानं मागं पडद्याकडं दाखवलं. मग दोन्ही पंजे छातीसमोर आडवे धरून बाजूला फाकवले. रांगेरांगेतून माना हलल्या. मागच्यांसाठी मधल्या रांगेतल्या एकानं उठून तेच केलं, त्याचं बघून गॅलरीत कुणी केलं. तोंडातून एक शब्द न काढता सगळं नाट्यगृह तयार झालं. शालूताई पडद्याच्या फटीतून बघत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

*

जोगिया, पहिल्यांदा.

राणीला राजानं टाकलेलं असतं. दासी निघून जाते. राणी दाराच्या चौकटीला उजवा हात लावून उभी राहते आणि ऑर्गनवाला सूर धरतो.

अनूताई षड्जावरून निघून कोमल रिषभाला नुसतं शिवून परत येत होत्या. बराच वेळ तेवढंच. दार किलकिलं करून बघावं आणि उघडू नये, तसं. मग मध्यमावर आल्या आणि तिथं उभ्याच राहिल्या, इतका वेळ की तबलेवाल्यानं मान वर केली. तिथून धैवत. माझ्या अंगावर काटा आला तो तिथं. वरच्या षड्जाला जाताना एका जागी आवाज तुटला. कापडात एकच धागा तुटला तरी जॉबरच्या डोळ्याला तो लगेच दिसतो, तसा मला तो दिसला. त्यांनाही. पण त्या थांबल्या नाहीत, तुटलेल्या जागेवरूनच वर गेल्या, आणि उतरताना शेवटचा शब्द इतका हळू ठेवला की तो संपला कधी ते कळलं नाही.

संपलं. हात चौकटीवर तसाच. त्यांची रीत होती ती. सूर ऑर्गनवर धरलेला राहायचा आणि त्या तशाच उभ्या राहायच्या. ती जागा आमची होती.

कुणी ओरडलं नाही.

कुणी टाळीही वाजवली नाही.

मला कळायला वेळ लागला. पंजे आडवे धरून फाकवायचे, ही शेडमधली खूण. तिचा अर्थ ओरडू नका असा नाही. सगळं बंद करा, असा आहे. पट्ट्यात कुणाचा हात सापडला की ती खूण करतात. मग जो तो आपला माग थांबवतो आणि हलत नाही. नाट्यगृहभर माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. प्रेमानं बसली होती. पहिल्या रांगेत बाबगोंडा अण्णांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात मांडीखाली दाबून धरले होते.

स्टेजवरून हे दिसत नाही. स्टेजवरून अंधार दिसतो.

ऑर्गनवाल्यानं अनूताईंकडं बघितलं. त्यांनी चौकटीवरचा हात काढला. त्या वळल्या, राणीसारख्या नाही, एखादी बाई परक्या घरात चुकून शिरल्यावर वळते तशा, आणि अंधारात बघू लागल्या. डावीकडून उजवीकडं. मग त्यांनी मोत्यांच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि घोट गिळून बघितला.

त्यांना वाटत होतं की आवाज गेलाच. गावाला कळलं आणि त्यांना कळायच्या आधी कळलं. गाव कीव करतंय.

पुढचा प्रवेश सुरू व्हायला हवा होता. दासीचं काम करणारी मुलगी विंगेत पाय पुढं टाकून थांबली होती. ऑर्गनचा सूर हळूहळू बारीक व्हायला लागला.

नुसती टाळी वाजवली असती तरी चाललं असतं. हे मला नंतर सुचलं, बसमध्ये, मागावर, जेवताना, कितीतरी वर्षं सुचत राहिलं. त्या वेळी मला एकच गोष्ट येत होती.

“वन्स मोअर.”

माझा एकट्याचा आवाज. अख्ख्या नाट्यगृहात एकटा. शालूताईंच्या बहिणीच्या गळ्याची शपथ घेतलेला.

अनूताईंनी दाराकडं बघितलं. इतक्या अंधारात त्यांना मी दिसलो नसणार. त्यांचा हात पट्ट्यावरून खाली आला आणि त्यांनी ऑर्गनवाल्याकडं मान झुकवली.

*

जोगिया, दुसऱ्यांदा.

त्यांनी चौकट सोडली आणि पुढं येऊन प्रकाशाच्या कडेला उभ्या राहिल्या.

मोत्यांचा पट्टा काढला. मागं हात नेऊन, दोरी सोडवून, काढला आणि सिंहासनावर ठेवला. गळ्याच्या डाव्या बाजूला खालच्या अंगाला लिंबाएवढा उंचवटा.

तोंड उघडलं.

उंचवटा वर सरकला. खाली आला.

ऑर्गनवाल्याची बोटं पट्ट्यांवर, मान खाली. मग मान वर. तबलेवाल्याचा हात डग्ग्याच्या वर अधांतरी थांबलेला.

उंचवटा वर. तिथंच. तिथंच. शीर तटतटली.

विंगेत शालूताई. दोन्ही हात कानांवर, कोपरं उभी, डोळे मिटलेले.

अनूताईंचा उजवा हात वर जात होता. बोटं उघडली. त्या कुठल्या तरी सुरावर होत्या.

उंचवटा.

बाबगोंडा अण्णा उभे राहिलेले. मागची रांग उभी राहिलेली.

रक्त येतंय का? ओठांच्या कडेला? नाही, रंग आहे तो.

खाली आला.

मग टाळ्या, त्या मला ऐकू आल्या.

*

मिरज. इस्पितळाचा लांब व्हरांडा, भिंतीला लावलेला बाक.

मी गुरुवारी गेलो. प्रयोगानंतर शालूताई माझ्याशी एक शब्दही न बोलता गाडीत बसल्या होत्या, त्यामुळं त्या मला हाकलून देतील अशी तयारी करूनच गेलो होतो. त्या बाकावर एकट्या होत्या. शेजारी सरकल्या. मी बसलो.

“वेळेवर झालं,” त्या म्हणाल्या. “घशाला सूज नव्हती.”

“मग...”

“आवाज गेला.”

मी काहीतरी बोलायला लागलो. माझ्यामुळं, मी शपथ मोडली, असं काहीतरी.

“गप्प बसा जरा,” त्या म्हणाल्या, रागानं नाही. “डॉक्टरांनी काल मला आत बोलावलं. म्हणाले, तुम्हाला एवढा धक्का का बसलाय? पेशंटला आम्ही महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. गाठ काढायची तर नस काढावी लागणार, आवाज वाचायचा प्रश्नच नाही. ऐकून त्यांनी सही केलीय.”

एक म्हातारा सलाईनची बाटली स्वतःच हातात उंच धरून पुढून गेला. आम्ही पाय आत घेतले.

“मला म्हणाली होती, जपलं तर वाचेल. मी महिनाभर गरम पाणी, हळद, बोलू नको, ओरडू नको. तुमच्या मागं लागले. मला काहीतरी काम हवं म्हणून सांगितलं असेल तिनं.”

“म्हणजे त्या दिवशी त्यांना...”

“हो. ठाऊक होतं.”

मला मध्यंतरातली खोली आठवली नाही, काही आठवलं नाही. मी समोरच्या भिंतीकडं बघत होतो. हिरवा रंग अर्ध्यापर्यंत, वर पांढरा.

“भरमू,” शालूताईंनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. “दुसऱ्यांदा कशी गायली ती?”

मी त्यांच्याकडं बघितलं.

“मी कान झाकले होते. वाटत होतं, तिच्या प्रत्येक सुराला आत काहीतरी फुटतंय. मला ऐकवेना. आयुष्यभर तिचं एकही गाणं चुकवलं नव्हतं मी. तुम्ही समोर होतात. सांगा. कुठून उचललं तिनं? धैवतावर थांबली का? वर गेली का?”

मी तोंड उघडलं.

सांगता आलं असतं. बेळगावचा जोगिया मला पाठ होता, गडहिंग्लजचाही. इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा जोडून द्यायचा. तुटलेला धागा जोडायचंच काम करत होतो मी. त्यांना पटलं असतं. कदाचित त्या रडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या.

“मी गळा बघत होतो,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“गाठ बघत होतो. वर जाते, खाली येते. रक्त येतंय का, ते. मला ऐकू नाही आलं, शालूताई.”



“तुम्हीच मागितलंत ना ते?”

“हो.”

“मग बाकीचे? ते पहिल्या रांगेतले म्हातारे?”

त्यांना मी प्रयोग संपल्यावरच विचारलं होतं. बाबगोंडा अण्णा म्हणाले होते, लई भारी झालं, पन मला वरचं कवाच ऐकू येत न्हाई रे, मी आपला तोंडाकडं बघून मान हलवतो.

हे मी शालूताईंना सांगितलं.

“टेप?” त्या म्हणाल्या आणि उत्तर त्यांनीच दिलं. “टेप नाही. हॉलमध्ये कुणी मशीन आणलं तर ती गातच नसे.”

“ऑर्गनवाल्यांना विचारू.”

“विचारलं. म्हणाले, मी बाईंच्या मागं धावत होतो, मला काही कळलं नाही.”

खोलीचं दार उघडलं. नर्स बाहेर आली, दार पाठीनं धरून उभी राहिली.

“पेशंट जाग्या आहेत. विचारतायत कोण आलंय. म्हणजे हातानं विचारतायत. एकानंच आत या.”

शालूताईंनी माझ्याकडं बघितलं.

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही बहीण आहात.”

“मला विचारेल ती. कशी झाली म्हणून. नेहमी तेच विचारते.”

“मलाही विचारतील.”

“कोण येतंय?” नर्स म्हणाली. “मला दुसरी कामं आहेत.”

आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो.